अनसेल्मोची कबर उकरली ते साल

दोन हजार चार सालची ही गोष्ट. चुइसाक गावच्या चर्चवर नवे पत्रे चढले ते हेच साल, आणि उभ्या मक्याला पाऊस लागून कणसं काळी पडली तेही हेच. पण गोष्टीचं मूळ आदल्या नोव्हेंबरात आहे, सर्व संतांच्या दिवशी, ज्या दिवशी सारा गाव आपापल्या गेलेल्या माणसांकडे जेवायला जातो.

हल्ली त्या दिवशी कबरस्तानात प्लास्टिकची फुलं दिसतात. तेव्हा झेंडू असायचा, पोती भरभरून. बायका पहाटेच उठून पाकळ्या सोडवायला बसत, आणि दुपारपर्यंत कबरस्तानाची ती डोंगरबाजू गावातून पाहिली तर हळद सांडल्यासारखी दिसे. पोरं पतंग उडवत, म्हातारे कबरींवर मक्याची दारू शिंपडत आणि उरलेली स्वतः पीत. ग्वातेमालाच्या त्या डोंगरात मेलेल्यांना कोणी भीत नसे. भीती जिवंतांची असे.

तोमासा शिलोख त्या दिवशी सासूबरोबर नवऱ्याच्या कबरीपाशी बसली होती. कबर म्हणजे मातीचा लहानसा उंचवटा आणि निळ्या रंगाचा लाकडी क्रूस. सासूचं नाव काताल. ऐंशी ओलांडलेली, पण दात शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. सारा गाव तिला ‘नान काताल’ म्हणे. थोर बाईला तिकडे ‘नान’ म्हणतात, थोर पुरुषाला ‘तात’.

तेवढ्यात कॅमेरा घेतलेला एक शहरी माणूस कबरींमधून वाट काढत आला. पतंग बघायला असे लोक येतच. हा मात्र सभ्य निघाला. त्याने आधी डोक्यावरची हॅट काढली.

“आजी, इथं कोण आहे तुमचं?”

“माझा मुलगा. अनसेल्मो त्झोक.”

“कधी वारले?”

“ब्याऐंशी साली, मार्चात. क्रूसावर लिहिलंय, वाच की. शाळेत गेलायस ना?”

माणूस हसला. कॅमेरा चालूच होता.

“किती हडकलायस रे,” काताल म्हणाली. “आई आहे का तुला? हा घे, गुळातला भोपळा. अनसेल्मोला फार आवडायचा. घे, तो काही तुला रागवत नाही.”

त्याने दोन फोडी खाल्ल्या, बोटं चाटली, आभार मानले आणि निघून गेला. तोमासाने त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. तिच्या मनात एकच गोष्ट चालू होती, जी दर वर्षी त्या जागी बसल्यावर चाले: खाली कोणी नाही.

खाली खरंच कोणी नव्हतं. खाली एक पेटी होती, आणि पेटीत अनसेल्मोची गवती हॅट, रविवारचं लोकरी जाकीट आणि पितळी बक्कल असलेला पट्टा.

अनसेल्मो गावच्या सहकारी संस्थेचा चिटणीस होता. बाजारच्या दिवशी गणवेशातल्या माणसांनी त्याला बसमधून उतरवलं आणि डोंगरावरच्या लष्करी छावणीकडे चालत नेलं. तोमासा त्याच बसमध्ये होती, पाठीला बांधलेली तान्ही फेलिसा घेऊन. नवऱ्याने वळून पाहिलं नाही. आपल्यामुळे तिला कोणी ओळखू नये म्हणून पाहिलं नसावं. दुसऱ्या दिवशी ती छावणीच्या दाराशी गेली. “इथं कोणी नाही,” पहारेकरी म्हणाला. त्याच्या मागे भिंतीपलीकडून फावड्यांचा आवाज येत होता.

तिथून ती तालुक्याच्या न्यायाधीशाकडे गेली. पहिल्या खेपेला त्याने सरकारी शिक्क्याचा कागद आणायला सांगितला. कागद घेऊन गेली तेव्हा त्याने दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, “बाई, तुला एक मूल उरलंय ना?” त्या प्रश्नानंतर ती पुन्हा तिकडे फिरकली नाही.

नान कातालचं वेगळंच सुरू झालं. अंधार पडला की ती उंबऱ्यावर मुलाचं ताट वाढून ठेवी आणि दार सताड उघडं टाकून जागत बसे. न आलेल्या माणसासाठी दार लावणं म्हणजे त्याला तू मेलास असं सांगणं, असं ती म्हणे. ते दिवस असे होते की ज्या घराचं दार उघडं, त्या घरावर संशय. शेजारीपाजारी कुजबुजू लागले. कोणाचं मूल तापलं तरी लोक म्हणत, अनसेल्मो वाटेवर हिंडतोय, त्याला घरही नाही आणि कबरही नाही.

शेवटी प्रार्थना सांगणारे तात लुकास आले. गावातल्या प्रत्येक मयताच्या नऊ रात्रींच्या प्रार्थना तेच चालवत. ते म्हणाले, “नान, पुरात वाहून गेलेल्याचे आपण कपडे पुरतो. मळ्यांवर मजुरीला जाऊन परक्या मातीत मेलेल्याचेही पुरतो. याचेही पुरू. त्याला टेकायला जागा तरी होईल.”

चौऱ्याऐंशी साली कपडे पुरले. नऊ रात्री प्रार्थना झाली. नवव्या रात्री जमिनीवरचा चुन्याचा क्रूस उचलला, सगळ्यांनी रांगेने निरोप घेतला, आणि त्या रात्री काताल दार लावून झोपली. दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत झोपली. तोमासा मात्र तेव्हाही रडली नाही, नंतरही नाही. हॅट पुरली, माणूस नाही, एवढंच तिला वाटत राहिलं.

लष्कराची आणि बंडखोरांची लढाई संपल्यावर, राजधानीत वकील लोक उघडपणे बोलायला लागल्यावर, तोमासाने अर्ज केला. देशातल्या कचेऱ्यांनी वर्षानुवर्षं फिरवलं. मग प्रकरण देशाबाहेर, सान होसे शहरातल्या मानवी हक्कांच्या न्यायालयाकडे गेलं. त्या खंडातले बरेच देश त्या न्यायालयाला मानतात. तोमासाला पैसे नको होते, कोणाला फाशीही नको होती. डोंगरावरच्या छावणीला अजून कुंपण होतं, पहारा होता. ती जमीन खणायला सरकारला भाग पाडील असं ते एकच न्यायालय उरलं होतं. हाडं मिळावीत आणि म्हातारीच्या डोळ्यांदेखत मिळावीत, एवढीच तिची मागणी.

जानेवारीत वकीलबाई आल्या. ग्रासिएला आर्दोन त्यांचं नाव. राजधानीच्या, सडपातळ, डोंगर चढताना दर वेळी धाप लागणाऱ्या. चुलीपाशी बसून त्यांनी कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला आणि तो न पिता चुलीतल्या जाळाकडे पाहत राहिल्या.

“वाईट बातमी दिसते,” फेलिसा म्हणाली. बापाचा चेहरा न आठवणारी ही मुलगी आता मोठी झाली होती, गावच्या शाळेत शिकवत होती, आणि बोलण्यात आजीवर गेली होती.

“सरकारचं उत्तर आलंय,” वकीलबाई म्हणाल्या. “ते म्हणतात, न्यायालयाने हे प्रकरण ऐकूच नये.”

“आम्ही केलंच नाही, असं म्हणतात का?” तोमासाने विचारलं.

“तिथपर्यंत गोष्ट गेलीच नाही. हे न्यायालय गुन्हा कोणी केला ते आधी विचारत नाही. आधी स्वतःला विचारतं, यात पडायचा आपल्याला अधिकार आहे का. आपल्या सरकारने सत्याऐंशी साली लिहून दिलं की या न्यायालयाचं ऐकू. त्याआधी जे घडून संपलं, त्यात त्यांना हात घालता येत नाही.”

“म्हणजे बाबांनी पाच वर्षं थांबून मरायला हवं होतं,” फेलिसा म्हणाली.

“फेलिसा,” तोमासाने तिला दटावलं.

“नाही, तिचं बरोबर आहे. नियम तसाच आहे.” वकीलबाईंनी कप खाली ठेवला. “माणूस मारला तर ती गोष्ट त्या दिवशी संपते. पण माणूस नाहीसा केला तर संपत नाही. तो कुठं आहे हे सांगेपर्यंत तोच गुन्हा रोज नव्याने होतो. सत्याऐंशीनंतरही होत राहिला, आज सकाळीही झाला. आपण अर्जात हेच म्हटलंय. आणि सरकार म्हणतंय, तो नाहीसा नाही, तो ब्याऐंशीतच मेला, हे त्याच्या घरच्यांनाच ठाऊक आहे. त्यांनी त्याच्या प्रार्थना केल्या, कबर बांधली. सरकारकडे चित्रफीत आहे. त्यात नान काताल स्वतः सांगतायत.”

चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं. कातालचं स्पॅनिश बाजारहाटापुरतं, हे कोर्टाचं बोलणं तिला कळेना. फेलिसाने तिला आपल्या बोलीत सगळं समजावलं. म्हातारी ऐकत राहिली.

“तो भोपळा खाल्लेला?” तिने विचारलं.

“तोच, आजी.”

“दोन फोडी खाल्ल्या मेल्याने.” मग म्हणाली, “विचार तिला, त्या कोर्टाला माझा मुलगा जिवंत हवाय का?”

“जिवंत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “पण मेलेलाही नाही.”

“ते तर आम्ही सोसलं की,” काताल म्हणाली. “म्हणून तर पुरलं त्याला.”

वकीलबाईंनी पुढचं विचारून घेतलं: आधी देशातल्या न्यायाधीशांकडे गेला होतात का? सरकारचा दुसरा आक्षेप तो होता, की घरचे दरवाजे ठोठावल्याशिवाय परक्या दारी येता येत नाही. तोमासाने तालुक्याच्या न्यायाधीशाचा तो प्रश्न सांगितला. “हे असंच सांगा,” वकीलबाई म्हणाल्या. “दार होतं पण त्याच्यामागे खोलीच नव्हती, हे त्यांना कळायला हवं.”

निघताना उंबऱ्यावर तोमासाने विचारलं, “मला तिथं शपथ घ्यावी लागेल?”

“हो.”

“आणि त्यांनी कबरीचं विचारलं तर?”

“जे खरं ते सांगायचं. बाकी मी बघते.” मग, गाडीकडे जाता जाता, स्वतःशीच बोलल्यासारखं वकीलबाई म्हणाल्या, “ही कबर आपल्याला महागात पडणार.”

वकीलबाई ते वाक्य संध्याकाळपर्यंत विसरल्याही असतील. तोमासाच्या मनात ते घर करून बसलं. तिने आपल्या परीने हिशोब मांडला. कबर आहे म्हणजे तो मेलाय. तो मेलाय म्हणजे न्यायालय ऐकणार नाही. ऐकलं नाही तर छावणी खणली जाणार नाही. आणि कबर असताना शपथेवर “नाही” म्हणणं म्हणजे देवाशी खोटं बोलणं, अनसेल्मोशीही. तेव्हा बोलण्याआधी गोष्टच खरी करायची. कबर ठेवायची नाही.

ती तात लुकासकडे गेली. ते अंगणात मक्याचे दाणे सोडवत बसले होते.

“तात, नऊ रात्रींची प्रार्थना परत घेता येते का?”

“परत म्हणजे?”

“पाठवलेल्या माणसाला माघारी बोलवायचं.”

त्यांनी कणीस खाली ठेवलं. “तोमासा, चाळीस वर्षं मी माणसं पोचवतोय. जायची वाट मला पाठ आहे. यायची वाट मला कोणी शिकवली नाही.”

“आपण त्याला पोचवलं कुठं? आपण हॅट पोचवली.”

“काताल झोपते ना रात्रीची?”

“झोपतात.”

“मग कोणाला पोचवलं ते तिला विचार. मला विचारू नकोस.”

तोमासाने कातालला विचारलं. सरळच विचारलं, त्या दोघींत आडपडदा कधी नव्हता. एकीने मुलगा आणि दुसरीने नवरा गमावल्यावर दोघी एकाच चुलीवर रांधत आल्या होत्या, सूनही राहिली नव्हती आणि सासूही.

“नान, कपडे वर काढू द्या. कोर्टाचं होईपर्यंत. खरी हाडं मिळाली की खरी कबर बांधू.”

“आणि नाही मिळाली तर?”

“मिळतील.”

“पोरी, तुला हाडं हवीत. मला तो झोपलेला हवाय. आणि तो झोपलाय.” काताल भाकरी थापत होती, थापतच राहिली. “माझ्या मुलाला हात लावायचा नाही.”

तोमासाने विषय सोडला. पण सुनावणी मार्चात होती, आणि फेब्रुवारीत कातालला ताप आला. ती अंथरुणाला खिळली तेव्हा एका सकाळी तोमासाने कुदळ घेतली आणि ती डोंगराकडे निघाली. फेलिसा मागोमाग गेली. वाटेत ती एकदाच बोलली, “आई, आजी मरेल.” तोमासाने पाऊल थांबवलं नाही.

माती मऊ होती. पेटीच्या फळ्या कुजून गेल्या होत्या. जाकिटाची लोकर हातात येताच विरली. तीन गुंड्या उरल्या. हॅटचं नुसतं कडं राहिलं होतं. बक्कल मात्र घासल्यावर चमकलं. तोमासाने ते सगळं ओच्यात घेतलं, क्रूस उपटला, आणि खड्डा न बुजवता तशीच खाली उतरली. रस्त्याने जो तो बघत होता. कोणी काही विचारलं नाही. त्या गावाने बोलण्यापेक्षा न बोलणंच जास्त शिकून ठेवलं होतं.

काताल भिंतीला टेकून बसली होती. तिने क्रूस पाहिला, सुनेच्या ओच्यातली माती पाहिली. ती रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तोमासा पुढे म्हणायची. ती फक्त म्हणाली, “आता तो कुठं जाईल?”

त्या संध्याकाळी तापातच उठून तिने उंबऱ्यावर ताट ठेवलं आणि दार उघडं टाकलं. फेब्रुवारीचा वारा थेट चुलीपर्यंत येत होता. तोमासाने दार लावलं, तिने उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा तोमासाने लावलं नाही.

सान होसेला तोमासा आयुष्यात पहिल्यांदा विमानाने गेली. सभागृह मोठं होतं, पाय रुतावेत असा गालिचा, आणि समोर उंचावर काळ्या झग्यांत न्यायाधीश. तोमासाने आपलं विणलेलं लाल पोलकं घातलं होतं. साक्ष आपल्याच बोलीत द्यायची म्हणून शेजारी दुभाष्या बसला होता, दुसऱ्या खोऱ्यातला. त्याची बोली थोडी वेगळी, पण कानाला गोड.

आधी तालुक्याच्या न्यायाधीशाचं झालं. तोमासाने त्याचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. दुभाष्याने तो स्पॅनिशमध्ये सांगितला तेव्हा एका न्यायाधीशाने लिहिणं थांबवून वर पाहिलं.

मग सरकारी वकील उठला. तरुण होता, आवाज मऊ, बोलणं अदबीचं. त्याने खोलीतले दिवे मंद करवले, आणि समोरच्या पडद्यावर चुइसाकचं कबरस्तान उगवलं. झेंडू, पतंग, निळा क्रूस. आणि नान काताल, उन्हात डोळे बारीक करून. माझा मुलगा, अनसेल्मो त्झोक. ब्याऐंशी साली, मार्चात. आई आहे का तुला? हा घे, गुळातला भोपळा. सभागृहात कोणीतरी हलकंसं हसलं आणि लगेच गप्प झालं. म्हातारी पडद्यावर केवढी मोठी आणि केवढी सुखात दिसत होती.

“या तुमच्या सासूबाई?”

“हो.”

“ही तुमच्या नवऱ्याची कबर?”

“तिथं कबर नाही.”

“बाई, आपण सगळ्यांनी आत्ताच पाहिली.”

“तेव्हा होती. आता तिथं खड्डा आहे. मी उकरली.”

वकीलबाई आर्दोन यांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सरकारी वकिलाने न्यायाधीशांकडे वळून म्हटलं, “पुरावा नष्ट केल्याची नोंद व्हावी.”

मधल्या खुर्चीवरच्या न्यायाधीश बाई वयाने तोमासाएवढ्याच असाव्यात. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. “तुम्ही कबर का उकरलीत?”

“तुमच्याशी खोटं बोलायला लागू नये म्हणून,” तोमासा म्हणाली. “कबर असली तर तो मेला, असं तुम्ही म्हणता. मग तो मेला नाही हे मी कुठल्या तोंडाने सांगू? खाली एक हॅट होती आणि एक बक्कल. तो नव्हता. तो कुठं आहे ते मला माहीत नाही, हे खरं आहे. हे साहेब मऊ बोलतात, चांगले दिसतात. त्यांना विचारा. छावणी त्यांच्या सरकारची.”

“कबर उकरा असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मला तसं समजलं.”

न्यायाधीश बाईंनी मान खाली घातली आणि काहीतरी लिहिलं. लिहायला त्यांना वेळ लागला. सरकारी वकील खाली बसला.

बाहेर आल्यावर वकीलबाई जिन्यात बसल्या. “तोमासा, मला एकदा विचारायचं तरी.”

“तुम्हीच म्हणालात, महागात पडेल.”

“मी म्हणाले?” वकीलबाईंना खरोखरच आठवत नव्हतं.

गावी परतल्यावर तोमासाला वाटलं, झालं, आता कपडे परत पुरावेत. पण वकीलबाईंनी निरोप धाडला: निकाल येईपर्यंत काहीही हलवू नका, उगाच नवा मुद्दा नको. क्रूस कोपऱ्यात टेकलेला राहिला. दार उघडं राहिलं. काताल दिवसा झोपे आणि अंधार पडला की उंबऱ्याशी येऊन बसे, पांघरूण घातलं तर काढून टाकी, “तो येईल तेव्हा त्याला मी दिसायला हवी.” पावसाळा लागला तसा तिचा खोकला छातीत उतरला. शेवटच्या दुपारी तिने तोमासाला जवळ बोलावलं. तोमासाला वाटलं, आता माफ केलं म्हणेल. काताल म्हणाली, “मी वर जाईन तेव्हा तो तिथं नसेल. मी कोणाकडे जाऊ?”

तिला अनसेल्मोच्या उकरलेल्या जागेशेजारी पुरलं. तात लुकासनी नऊ रात्री प्रार्थना केली. तोमासाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

निकाल त्यानंतर आला, ऑगस्टात. हा शेवटचा निकाल नव्हे. न्यायालयाने प्रकरण ऐकायचं की नाही एवढ्यापुरता. वकीलबाई स्वतः वाचून दाखवायला आल्या. अंगणात फेलिसा होती, तोमासा होती. वकीलबाईंचा चेहरा उजळलेला होता. सरकारचे दोन्ही आक्षेप फेटाळले होते. देशातली न्यायालयं त्या काळी नावापुरती होती, तेव्हा त्यांची दारं आधी ठोठावायला हवी होती हा नियम इथं लागू नाही. आणि सत्याऐंशीनंतरच्या प्रत्येक दिवसाबद्दल न्यायालयाला अधिकार आहे, कारण माणूस अजून सापडलेला नाही.

“कबरीबद्दल काय म्हणतात?” तोमासाने विचारलं.

वकीलबाईंनी पान उलटलं. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. “म्हणतात की घरच्यांनी केलेल्या प्रार्थना आणि बांधलेली कबर हा त्यांच्या दुःखाचा भाग आहे, मृत्यूचा पुरावा नव्हे. माणूस कुठं आहे हे दाखवायची जबाबदारी सरकारची, ती कुठल्याही प्रार्थनेने संपत नाही.”

“म्हणजे ती हॅट तिथंच राहिली असती तरी चाललं असतं?”

वकीलबाईंनी कागदाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “हो.”

तोमासा उठली. सुकत घातलेले मक्याचे दाणे तिने हाताने एकदा सारखे केले, मग पुन्हा केले. तशीच वाकून म्हणाली, “फेलिसा, वकीलबाईंना जेवायला वाढ. लांबून आल्यात.”

पुढे प्रकरण नीट ऐकलं गेलं आणि तोमासाच्या बाजूने लागलं. सरकारला शोध घेण्याचा हुकूम झाला. दोन वर्षांनी छावणी खणली. बऱ्याच माणसांची हाडं निघाली, शेजारच्या तीन गावांतल्या घरांना आपापली माणसं मिळाली. त्यांत अनसेल्मो नव्हता. भिंतीपलीकडचा तो फावड्यांचा आवाज दुसऱ्याच कोणासाठी होता.

सरकारी वकील पुढे ती नोकरी सोडून परदेशी शिकवायला गेला. कॅमेरावाल्या माणसाचं नाव कोणाला कधी कळलं नाही. वकीलबाई आर्दोन यांनी अशी आणखी पुष्कळ प्रकरणं चालवली. मात्र त्यानंतर साक्षीदाराशी बोलताना स्वतःशीसुद्धा त्या काही पुटपुटत नसत. तात लुकास दोन हजार नऊ साली गेले. जाण्याआधी एकदा तोमासाच्या अंगणात येऊन बसले, कॉफी प्यायले, कबरीचा विषय दोघांनीही काढला नाही.

तोमासाने गुंड्या आणि बक्कल पुन्हा पुरली नाहीत. पुरायची म्हणजे पुन्हा नऊ रात्री, आणि नवव्या रात्री निरोप. निरोप घ्यायचा ज्या म्हाताऱ्या बाईचा हक्क होता तीच उरली नव्हती. त्याऐवजी ती दुसऱ्या खोऱ्यांत जाऊ लागली, जिथं बायका सरकारी वकिलांच्या भीतीने आपल्या हरवलेल्या माणसांसाठी मेणबत्ती लावायलाही धजत नव्हत्या. ती त्यांना म्हणे, “लावा. प्रार्थना करा, कबर बांधा, कपडे पुरा. कोर्ट त्याला पुरावा मानत नाही. आणि म्हाताऱ्यांना झोपू द्या.” कितीतरी गावांत तिच्या सांगण्यावरून रिकाम्या कबरी उभ्या राहिल्या. दोन हजार एकोणीस साली झोपेतच ती वारली.

फेलिसा अजून चुइसाकच्या शाळेत शिकवते. राजधानीत हाडं तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथं तिच्या रक्ताचा एक थेंब जपून ठेवलेला आहे. कुठंही हाडं निघाली की त्या थेंबाशी जुळवून बघतात. अजून तिला फोन आलेला नाही.